बर्फाच्या वहीची मागची पानं

बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या मोजतो.
वहीत पुढून बर्फ, मागून रग्बी.

जून-जुलै मासेमारी बंद.
मिरकरवाड्यात होड्या झापांखाली शाकारलेल्या,
खलाशी जाळ्यांची भोकं मोजत बसलेले,
आणि नेमक्या त्याच दिवसांत खाली दक्षिणेला
तो हिरवा संघ आपल्या घरी खेळतो.
नियम कुणालाच धड ठाऊक नाहीत.
चेंडू मागे टाकत पुढे जायचं,
एवढं मात्र सगळ्यांना पटलंय.

युनूस फणसोपकर, बावीस वर्षं जहाजावर भंडारी,
डर्बनच्या धक्क्यावर हा खेळ शिकून आला.
खिशात पंचांगासारखा घडी घातलेला कागद:
वर्षभराचे सामने, शहरं, मधले दिवस,
आणि लाल पेन्सिलीनं, विमानात काढलेल्या रात्री.

"नाव बघू नको रे, तारीख बघ.
जुलैत ही पोरं आईच्या हातचं जेवून उतरतात.
तेव्हा भावात काय असतं? रुपयाला दहा पैसे.
नोव्हेंबर येऊ दे.
चौथं शहर, चौथी गादी, चार वाजता अंधार.
भाव नावाला मिळतो,
खेळायला पाय लागतात."

आम्ही नावावर लावायचो, तो थकव्यावर.
नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी
संघाविरुद्ध पाचशे,
रविवारी सुरमई घेऊन घरी.
असं तीन वर्षं.
चौथ्या वर्षी तांडेलसुद्धा कागदाची नक्कल मागू लागले
आणि धक्क्यावर बांगड्याची रास उतरावी
तसा त्या बाजूचा भाव पडला.

मग गेल्या साली
वेळापत्रकाला एक सामना जोडला कुणीतरी,
थेट डिसेंबरात.
तिकिटं खपत होती म्हणे.
सगळा धक्का म्हणाला, आता तर हरलेच.

युनूस उशिरा आला.
त्याच आठवड्यात नदीमचा करार
कंपनीनं दोन महिने लांबवला होता.
पोराचा दहावा महिना, बदली माणूस नाही.
मी मागचं पान उघडलं.
"पाच हजार," म्हणाला. "जिंकतात म्हणून लिही."
मी पेन थांबवलं. "चाचा, तारीख बघा."
"बघितली.
तू लिही."

हरले. अठ्ठावीस गुणांनी.
शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा एक दांडगा गडी
गुडघ्यांवर हात ठेवून नुसता उभा होता,
चेंडू त्याच्या शेजारून गेला,
त्यानं मान वळवून पाहिलंही नाही.
युनूसनं फोन पालथा घातला.

पैसे त्यानं मोजून दिले, खाऱ्या, दमट नोटा.
मी वही उलटी केली:
पहाटे चारला सहा होड्या, दोनशे लाद्या.

नवं वेळापत्रक परवा आलं.
पोरं विचारतायत, भाव काय धरायचा?
मी म्हटलं, युनूसचाचाला येऊ दे.
तो मुंबईला गेलाय, नदीम उतरतोय आज.
विमान चार तास लेट आहे.