स्टिल

बेटावर एकच रस्ता. तो डिस्टिलरीपाशी संपतो.
तिथल्या तांब्याच्या भल्यामोठ्या हंडीला,
वर हंसासारखी मान असलेल्या,
स्टिल म्हणतात.
पोटात अखंड खदखद, वाफेची धावपळ,
आणि नाव असं, की जणू पान हलत नाही.

मी आले होते तिच्या पत्र्याची जाडी मोजायला.
उतरले एफी मकफेलकडे.
तिचा टॉर्किल तिथे एकतीस वर्षं स्टिलमन.
लाकडी हातोडीनं तांबं ठोकायचा
आणि कान देऊन सांगायचा, इथे झिजलंय.

रात्रपाळीला ती फोन करायची.
विचारायची एवढंच: स्टिल?
पलीकडून: स्टिल.
म्हणजे अजून हंडीपाशीच आहे.
म्हणजे वारा पडलाय, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा.
म्हणजे डोळ्याला डोळा नाही.
म्हणजे कालचा राग अजून आहे हं.
यातलं कुठलं, ते तिला आवाजावरून कळायचं,
त्याला तांब्यावरून कळायचं तसं.

"तुझ्याकडे हातोडी नाही?"
मी यंत्र दाखवलं. आधी जेली लावायची,
मग ही छोटी दांडी टेकवायची, आत आवाज सोडायचा,
आपल्याला ऐकू न येणारा.
तो परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून जाडी.

एफी जेलीच्या बाटलीकडे बघत राहिली.
मग किटली गॅसवर ठेवली, पेटवायची विसरली.

ब्याऐंशीचा मार्च. ग्लासगोचं इस्पितळ.
नर्स म्हणाली, होल्ड स्टिल,
आणि दांडी फिरवत राहिली,
फिरवतच राहिली.
दुसरी नर्स आली. मग डॉक्टर.
तो तोच शब्द बोलला, पुढे 'बॉर्न' जोडून.
"मला वाटलं, स्टिल म्हणजे अजून.
काही का होईना, जन्मेल अजून.
त्या एका शब्दावर मी अर्धं मिनिट काढलं,
ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अर्धं मिनिट,
असं म्हटलं तर तुला विचित्र वाटेल."

मला वाटलं नाही.
ऊना नाव ठरलं होतं.
टॉर्किल दुसऱ्या दिवशी कामावर गेला.
रात्री तिनं फोन केला, आणि दोघांपैकी कुणालाच
तो शब्द उचलता आला नाही.
जवळपास वर्षभर ते हवापाण्याबद्दल बोलत होते.

"तुमच्यात काय म्हणतात?"
हंडीला काय, ते मला सांगता येईना. आमच्याकडे ती भट्टी,
आणि भट्टी म्हटलं की पोलीस.
ती हसली.
निपचितही सांगितलं नाही.
अजून, एवढंच सांगितलं.
आणि हेही, की जेवायला वाढताना
आम्ही तेच म्हणतो, पळी हातात धरून.
"अ-जून," ती म्हणाली. जून महिन्यासारखं.

तांबं मानेच्या वळणावर साडेतीन मिलिमीटर उरलंय.
टॉर्किलनं खडूनं काढलेली फुली तिथेच होती,
पुसट. मी माझी तिच्यावरच काढली.

निघायच्या दिवशी धुकं. फेरी रद्द.
धक्क्यावर मी, पिशवीत तिनं दिलेला पाव,
पाणी इतकं गप्प, की दोर कुठे संपतो ते दिसेना.
फोन वाजला.
"अ-जून?"

आता यातलं कुठलं, हे मला
आवाजावरून कळेना.
मी म्हटलं, हो.