एकास पंधरा

सड्यावर मनोरा हवा, साठ फूट, असं पत्रात होतं.
खाली सही, शिक्का,
आणि नंतर पेनाने घुसवलेली ओळ: 'सर्वांना सुलभ असावा.'
पोवई नाक्यावरच्या माझ्या खोलीत
मी पट्टीने साठ फूट काढले
आणि त्या ओळीपाशी अडले.

चाकांना एक फूट चढायला बारा फूट वाट लागते.
साठाला सातशेवीस,
विसाव्याचे सपाट तुकडे वेगळे.
कागद संपला, दुसरा चिकटवला.
उतार भोवती गुंडाळत गेले,
तर चित्रात मनोरा राहिलाच नाही,
नुसतं अजगर.

चाळकेवाडीच्या पुढे, पवनचक्क्यांच्या रांगेखाली
बिरा झोरे भेटला. खुर्चीत.
चक्कीच्या पोटातल्या शिडीने तो रोज वर जायचा,
कमरेला पान्यांची पिशवी.
पडला मात्र मोटरसायकलवरून, बोरणे घाटात.
हे तो आधीच सांगून टाकतो.
"चक्कीवरनं न्हाई म्हणलं की लोकं हिरमुसत्यात."

शाळेच्या पटांगणात फळ्यांचा उतार मांडला, एकास बारा.
तो चढला. वर जाऊन हात झटकले.
"कागदावर बारा हाय मॅडम.
हितल्या वाऱ्यात पंधरा लागंल."
पंधरा केले.
वाट लांबली, मनोरा बुटका झाला,
चाळीस, पंचवीस, अठरा.
मग कठडा, नियमाप्रमाणे.
"उभ्या माणसाला दरी, आन् मला पाइप."
मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले.
खरंच, पाइप.

पावसाळाभर काही बांधलं नाही.
जिथे खांब येणार तिथे दगडांच्या लगोऱ्या रचल्या
आणि दर पंधरवड्याला रेनकोट घालून बघायला गेले.
जांभ्यावर बोटभर माती,
तिच्यात दोन महिन्यांत सगळं उरकून टाकणारी झाडं,
ज्यांची नावं मला अजून येत नाहीत.
सातव्या लगोरीपाशी डबकं साचलं, त्यात बेडकाची अंडी.
खांब सरकवला. वाट वाकली.
लेखापरीक्षणात विचारलं, या वळणाचं कारण काय?
मी रकान्यात लिहिलं: डबकं.
कागद परत आला.
मी पुन्हा तेच लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

आश्विनात धुकं उठलं तेव्हा बिरा कड्याकडे तोंड करून बसला होता.
"खाली एवढी दरी हाय की.
उंची कशाला बांधताय आनि?"
त्या रात्री मी अठराचे नऊ केले.
कड्याच्या अलीकडे, एकशे पस्तीस फूट वाट,
वाकडी.

लोखंड मोडीत निघालेल्या एका चक्कीचं,
उंब्रजच्या हसन शिकलगारांनी कापून दिलं.
कुठे सिमेंट नाही, सगळे नटबोल्ट.
उद्या नको झाला तर पाने लावून उलगडावा,
आणि खाली गवताला कळूही नये.

साहेब आले. "हाच मनोरा?"
फोटोवाला मागे मागे सरकत राहिला,
चौकटीत उभं असं काही येईना.
फीत कापली. पेढे वाटले.
गाड्या गेल्यावर वारा होता तेवढाच उरला.

मग बिरा निघाला.
वळणावर थांबला, डबकं आता सुकलं होतं, तरी बघितलं.
मी खुर्चीला हात लावला नाही,
दोनदा लावावासा वाटला.
वर कठड्याच्या फटीत
नेमकं त्याच्या डोळ्यांइतक्या उंचीवर
तारळीचं खोरं उघडं पडलं होतं.
तो बघत होता की नाही, कळेना.
मान एका बाजूला कलली, डोळे मिटलेले.
मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते,
तेवढ्यात म्हणाला,
"एक्केचाळीस नंबरचं बेअरिंग वाजतंय.
कुणाला तरी फोन लावा."