चार मिनिटं बारा सेकंद

हा मोकोटोच्या शाळेत नेटवर्क येत नाही.
शनिवारी न्ताते मोत्लात्सी घोड्यावर बसून खिंडीपाशी जातात,
तिथल्या सपाट खडकावर उभे राहतात,
फोन डोक्याच्याही वर धरतात,
आणि त्यांचा बावीस मिनिटांचा तास
थेंब थेंब करत माझ्याकडे मासेरूला उतरतो.
एकदा अर्ध्यात तुटला. घोडा बुजला म्हणे.

वर्गात फोन खिडकीत, घेवड्याच्या रिकाम्या डब्याला टेकवलेला.
म्हणून चित्राच्या डाव्या कडेला नेहमी
डब्याचा लाल काठ,
उजवीकडे अर्धाच फळा,
मधून ये-जा करणारे न्ताते, खांद्यावर ब्लँकेट, कानामागे खडू.
एकोणीस वर्षं शिकवतायत.
माझ्याहून सहा जास्त.
त्यांना मी काय सांगणार?

पूर्वी मी जीपने जायचे.
दारात माझी सावली पडली की
मुलं ताठ, मास्तर ताठ,
वर्ग इस्त्री केल्यासारखा.
मी वहीत लिहायचे: आवाज स्पष्ट. फळ्याचा वापर चांगला.
खोटं त्यात काही नव्हतं.
उपयोगाचंही.

आता यंत्र मोजून देतं:
शिक्षक बोलले अठरा मिनिटं, मुलं दोन.
प्रश्न एकतीस.
खाली हिरव्या चौकटीत तयार सल्ला,
‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवा.’
तापाने फणफणलेल्याला सांगावं, ताप कमी करा!
मी ती चौकट अंगठ्याने झाकते
आणि नुसती बघत बसते.
परत बघते.

चार मिनिटं बारा सेकंदांवर न्ताते विचारतात,
‘अर्धा बोहोबे जास्त, की पाच भागांतले तीन?’
चार चौदाला उत्तर देतात.
स्वतःच.
डब्याच्या लाल काठाला लागून
शेवटच्या बाकावर खाउहेलो बसते.
चार तेराला तिचे ओठ उघडतात.
चार चौदाला मिटतात.

मी खडकावर फोन लावला.
‘बारा सेकंदांपासून बघा, न्ताते. फळ्याकडे नको. डब्याकडे.’
वारा.
घोड्याचं फुरफुरणं.
मग इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं, लाइन गेली.
‘म्मे केनेइल्वे,’ ते म्हणाले,
‘ही पोर मंद आहे असं मी तिच्या मामाला सांगून बसलोय. एप्रिलमध्ये.’

आणि मी सुरू झाले.
मनाला लावून घेऊ नका, प्रश्न विचारला की पाचपर्यंत मोजा,
बोटं मुठीत मिटून मोजा, कुणाला दिसत नाही,
जोड्या करा, पाटीवर लिहून घ्या,
अमुक शाळेत असं केलं तर तमुक झालं…
चांगलं बोलले. मला तरी तसं वाटलं.

आमचे फोनही मुद्रित होतात, वरच्यांना लागतात म्हणून.
रात्री चहा गार होईपर्यंत मी माझाच आवाज ऐकला.
‘एप्रिलमध्ये’ आणि माझा पहिला शब्द,
यांच्यात एक श्वाससुद्धा मावत नाही.
मी बोलले साडेपाच मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला वाऱ्यातून त्यांचा आवाज येतो,
‘पण मी…’
आणि त्यावरून माझं वाक्य जातं,
गुरांच्या कळपासारखं.

पण मी, काय?
मागे नेलं, पुढे नेलं, कानाला लावलं.
ते यंत्रात नव्हतं.

पुढच्या शनिवारी नवा तास आला नाही, नुसते न्ताते आले.
म्हणाले, खिंडीत बर्फ आहे, घोडा आणला नाही, चालत आलोय.
मी विचारलं,
‘गेल्या खेपेला तुम्ही “पण मी” म्हणाला होतात.
पुढे काय होतं?’

मूठ मिटली. एक बोट आत.
दोन.
वारा.
तीन. जीभ दाताखाली.
चार.
पाचही झाले, मुठीतली बोटं संपली,
आणि पडद्यावर एक हिरवी चौकट आली:
‘आवाज येत नाही. संभाषण संपवायचं?’

मी तिच्यावर अंगठा ठेवला,
अगदी हलका,
चुकूनही दाबला जाऊ नये असा.