चादरीचं माप

मंडळीच्या बैठकीत ठरलं, शाल नको,
शाल फोटोपुरती असते.
चादर द्यायची, आपल्या गावची,
धुवाल तशी मऊ होत जाणारी.
मी चिटणीस, म्हणून यादी माझ्याकडे
आणि पावतीही: सात नग,
अक्कलकोट रस्त्यावरचा कारखाना, सवलत धरून.

यादीत पेन अडलं ते 'कारण' या रकान्यात.
सलोमी रणभिसे. मुलगा. वाढदिवसाच्या केकवरनं भांडण, तलवार.
मार्थाबाई उजगरे. मुलगी. सासर, रॉकेल.
नरसम्मा बोद्दुल. आपल्या मंडळीची नाही,
विड्या वळते. नवरा. संचारबंदीच्या आदल्या रात्री,
दूध आणायला गेलेला.
शेवटी तो रकानाच खोडला मी,
पट्टी धरून, सरळ.

रविवारी पंखे गरम हवाच वाटत होते सगळ्यांना.
पाळकसाहेबांनी दुसऱ्या शमुवेलातलं वाचलं,
रिस्पा कशी खडकावर गोणताट अंथरून बसली
कापणीपासून पाऊस येईपर्यंत,
दिवसा पाखरं हाकत, रात्री जनावरं.
पुढं काही बोलणार होते.
चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले.

नरसम्मानं शेजारणीला हळूच विचारलं,
तेवढे दिवस हिला पाणी कुणी दिलं?
शेजारणीनं शास्त्र चाळलं.
तेवढं लिहिलेलं नाही.

मग नावं.
टाळ्या वाजवायच्या की नाही हे ठरवायचं राहूनच गेलं होतं.
मागच्या बाकावर दोघांनी वाजवल्या
आणि हात मांडीवर ठेवले, परक्यासारखे.

दुर्कसबाई साळवे सहाव्या.
त्यांनी घडी तिथंच मोडली,
खळीचा कोरा वास सुटला, लेबल लोंबत होतं.
एक टोक हनुवटीखाली दाबून धरलं,
दुसरं खाली सोडून बघितलं,
मग हात उंच करून हवेतच कुणाचं तरी डोकं चाचपलं.
"आखूड हाय की वो," मला म्हणाल्या, माइकपाशीच.
"अब्नेरला पुरायची न्हाई.
सिव्हिलमधी बी असंच.
तोंडावर घेतली की पाय उघडे,
पायावर घेतली की..."
माइकमधून पंख्याचा आवाज येत राहिला.
"बदलून मिळंल का?"

पेटीवर जोएल होता.
त्याला वाटलं आता गाणं घ्यावं. भाता हलवला,
पण बोट कुठल्याच पट्टीवर ठेवेना.

सोमवारी पावती घेऊन गेलो.
शेटनं मोठ्यातली काढली, जांभळी,
हिरवी संपली म्हणाला, वरचे पैसे असू द्या.
माग चालू होते,
तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं.
कानाशी हात नेत त्यानं विचारलं,
माणूस किती उंच आहे?
सहा फुटांना दोन बोटं कमी आहे, मी ओरडलो.
होता म्हणायला हवं होतं.
त्या आवाजात राहून गेलं.