ठिगळ

केमेरोवो. बाहेर उणे एकतीस.
ताइसियाच्या भिंगाखाली काचपट्टीवर
उंदराच्या महाधमनीचा काप,
आणि त्यात, रंग न धरणारं,
तांदळाच्या कणीएवढं ठिगळ.

वासराच्या हृदयावरची पातळ पिशवी,
धुऊन धुऊन
तिच्यातलं वासरू काढून टाकलेलं.
निरोगी उंदरात ते नांदलं:
दोन महिन्यांत आतून पेशींचं अस्तर,
शिवण कुठली ते शोधावं लागतं.

हा सतरावा. साखरेचा.
रक्त एवढं गोड, पण पाहुणचार नाही.
ठिगळाभोवती पहारेकरी पेशी अजून उभ्या,
कडेला चुन्याची खर,
किटलीच्या बुडाशी धरते तशी.
ती वहीत जाडी लिहिते, मायक्रॉनमध्ये.
‘नांदलं नाही’ असा रकाना नसतो.

वडील, प्रोकोपी, तेहतीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
आता चहात जाम नाही.
मार्चपासून जांघेत असंच एक ठिगळ;
डाव्या पायाची दोन बोटं त्याआधीच गेली,
नमद्याचे बूट मात्र जुन्याच मापाचे.

काल फोनवर म्हणाले,
“तुझे उंदीर काय म्हणतात?”
“बरे आहेत.”
मग जरा थांबून,
“पाय गरम आहे ना? हात लावून बघा.”

पलीकडे बूट ओढल्याचा आवाज.
खुर्ची करकरली.
बराच वेळ काहीच नाही.

“कोमट आहे,” ते म्हणाले,
“पण हात माझाच गार असेल.”

ती पट्टी बदलते.
अठरा.