दिवस भरेपर्यंत

मला दिवस गेले तेव्हा डोंगरांवर गवत नुकतं फुटत होतं.
दिवस भरायला सात आठवडे होते
तेवढ्यात ती आली,
उणे एकतीसच्या पहाटे, उलानबातरमध्ये.
वजन एक किलो सहाशे दहा.
तिच्यापेक्षा तिची टोपी मोठी.

सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवू नका इतक्यात.
नेरगुई म्हणा. बिननावाची.
वरून जाणाऱ्याला कळू नये
या गेरमध्ये नेण्यासारखं कुणी आहे.

पान्हा मात्र मला भरपूर.
तिला ओढता यायचं नाही, म्हणून मी वाटीत पिळायचे,
चमच्याच्या टोकाने पाजायचे,
आणि मनात म्हणायचे, एवढं तरी मी पुरं केलं.

म्हणून दवाखान्यात एन्खतूलबाईंनी
तपकिरी बाटली पुढे केली
तेव्हा लागलं मला.
रोज, न चुकता, म्हणाल्या. जीवनसत्त्व ड.
लोहाचे थेंब नंतर. त्याचे डाग निघत नाहीत, जुनं दुपटं वापर.

माझ्या दुधात काय कमी आहे?

कार्डावर शिक्का मारून झाल्यावरच त्यांनी वर पाहिलं.
दुधात नाही गं. दिवसांत.
शेवटच्या आठवड्यांत लेकरू आईकडून शिदोरी बांधून घेतं,
हाडांची, रक्ताची.
ही गाठोडं न बांधताच निघाली.
आणि ऊन तरी कुठून आणशील तू?
खिडकीबाहेर कोळशाच्या धुरात
सूर्य होता, घासायचा राहिलेल्या
तांब्याच्या झाकणासारखा.

घरी सासूबाईंनी बाटलीचा वास घेतला.
मेंढीच्या शेपटीची चरबी चोखायला दे.
माझ्या मुलाने तीच चोखली.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आत आला,
बर्फ झटकत, बाहेर वळलेल्या पायांनी.
लहानपणापासून सगळे म्हणतात, घोड्यावर बसून असे झाले.
गान्तुल्गा घोड्यावर कधी बसलेला नाही.
तो बस चालवतो, सतरा नंबरची.

सासूबाई त्या पायांकडे बघत राहिल्या.
कुणी काही बोललं नाही.
त्यांनी शेगडीत शेण टाकलं,
जरुरीपेक्षा जास्त.

बाटली आता शेगडीपासून लांब आणि दारापासून लांब,
त्यांच्याच पेटीवर असते.
सकाळी त्या बाहेर जाऊन
चहाचा पहिला पळीभर घोट आभाळाकडे उडवतात,
तो हवेतच गोठतो,
मग आत येतात, हात चोळतात,
आणि मी ड्रॉपर धरला की माझ्या कानाशी मोजतात: एक.

एकदा माझ्या बोटावर सांडला.
चाटून पाहिला.
तेलकट, जवळजवळ बेचव.
उन्हाची चव मला तरी कुठे ठाऊक होती?

नेरगुई तोंड वेडंवाकडं करते.
मग माझ्याकडे वळते, आता स्वतःच ओढते.
पिताना मी तिच्या टाळूवर तळवा ठेवते.
खाली काहीतरी उडतंय, मऊ,
अजून न मिटलेलं.

असू दे.
भरतायत दिवस.