लेखनिक

फॉर्मवर माझ्या फोटोखाली छापलं होतं: लेखनिक.
दरबारात कुणी कारकून नेमावा तसा मी,
सायकलवरून आलेलो, कानामागं बॉलपेन.
अट अशी की लिहिणारा परीक्षा देणाऱ्याहून कमी शिकलेला हवा.
माझ्या अकरावीचा कुणाला उपयोग होईल
असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.

शांतिनाथ मगदूम. हुपरीचा.
घरी चांदीकाम. पैंजणात एक घुंगरू कमी पडलं
तर नुसतं हलवून सांगायचा.
बी. ए. भाग तीन, भूगोल.
न बघता भूगोल कसा, विचारलं की म्हणायचा,
"नकाशा तुम्हाला लागतोय."

आमची खोली जिमखान्याची.
कोपऱ्यात लेझिमांचा ढीग,
पंखा जोरात फिरला की त्यातली एखादी उगाच छणकायची.
दारात खुर्ची टाकून पोवार सर,
नजर आमच्या ओठांवर.
बाकीच्यांना तीन तास, आम्हाला चार.
त्या चौथ्या तासाबद्दल कॉरिडॉरमधून जाणारी पोरं
"मज्जा हाय बाबा" म्हणून गेली.

तो विरामचिन्हांसकट बोलायचा.
"पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या, विसर्ग नाही, दोन टिंबं,
कासारी स्वल्पविराम कुंभी स्वल्पविराम तुळशी भोगावती,"
चार बोटं मिटली, अंगठा तसाच उभा.
"पाचवी सरस्वती. ती गुप्त.
ती तुलाबी दिसत नाही बघ."
हे लिहायचं का, मला कळेना.
पोवार सर खाकरले.

सहाव्या प्रश्नाला तो म्हणाला,
"गगनबावड्याचा पाऊस हा आरोह प्रकारचा."
माझं पेन थांबलं.
प्रतिरोध. हे नववीत असतं.
डोंगर आडवा येतो, ढग चढतो, पडतो,
आमच्या मामाचं घर तिथं आहे, छपराला दरवर्षी शेवाळ.
"थांबलास?"
मी काही बोललो नाही. बोलायचं नसतं.
त्यानं माझ्या श्वासाकडं कान केला,
मग हळू, जवळजवळ लाडानं,
"लिही. चूक माझी हाय."

मी लिहिलं.
त्यानं सांगितल्याप्रमाणं दाब देऊन लिहायचो मी,
कारण पान उलटलं की तो मागच्या बाजूनं
बोटं फिरवून ओळी मोजायचा.
बावीस. तेवीस.
"इथं जास्त दाबलंयस," म्हणाला, त्या आरोहवर बोट ठेवून.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी बांधलेल्या होत्या,
समोर पिळलेलं दूध, पेल्यावर बोटभर फेस.
पैसे त्यानं दिले. लेखनिकाला एवढंच मानधन.
"मिशी आली काय मला?"
आली, म्हटलं.
तो कितीतरी वेळ पुसेना.

निकालानंतर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली,
पाने वाचायला परत मीच.
तांबड्या शाईची गोल गोल वर्तुळं,
सगळी माझ्या वेलांट्यांभोवती.
"भौगोलीक" नऊ वेळा. "स्थीती". "नदि".
शेवटी शेरा: विद्यार्थ्याने शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.
त्याला एकही वेलांटी कधी चुकली नव्हती,
बोलताना वेलांटी चुकतच नाही.
मी वाचताना तो शेरा गाळणार होतो.
तो म्हणाला, "पुढं काय लिहिलंय? कागद वाजला नाही अजून."
वाचला.

मग त्यानं विचारलं, आरोहचे किती गेले?
दोन.
"ते दोन माझे," म्हणाला,
आणि कुणी हातावर रोख ठेवावेत
तसा तळवा मिटला त्यानं.

आता फौंड्रीत मी नोंदवहीत लिहितो,
किती साचे, किती वितळ.
पेन अजून जोरात दाबलं जातं,
खालच्या तीन पानांवर उमटतं.
मालक ओरडतो, वही फाडशील.
कधी जेवणाच्या सुट्टीत पान उलटून
मी मागून बोट फिरवतो.
मला काहीच वाचता येत नाही.
खडबडीत लागतं एवढंच.